पिसांचा पेडवा
खाऱ्या पाण्यातली फ्लाय घरी कशी बांधायची

आज आम्ही तुम्हाला एक बोटभर लांबीची वस्तू बांधायला शिकवणार आहोत. तिला लागतात कोंबड्याची पिसं, बकरीचे केस, जुन्या साडीची जर, दोरा, थोडं नेलपॉलिश आणि एक गळ. आमच्याकडे त्याला गरी म्हणतात. या वस्तूचं नाव आहे फ्लाय. नाव परकं आहे, पण काम तुमच्या हाताच्या ओळखीचं आहे. गजरा गुंफणारी, केरसुणी बांधणारी, नाडी ओवणारी कुठलीही बाई ते शिकू शकते.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमची पहिली खेप परत आली होती. का परत आली, ते लपवणार नाही. कारण आजच्या बोलण्याचं सार तिथंच आहे.

फ्लाय म्हणजे काय?

फ्लाय म्हणजे माशी. नदीतले काही मासे पाण्यावर बसणाऱ्या माश्या-किडे खातात. ते पाहून माणसानं गळावर लोकर आणि पिसं बांधून खोटी माशी केली. ही युक्ती फार जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत, असं एलियन नावाच्या लेखकानं सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. म्हणजे कोंबड्याचं पीस आणि गळ यांची सोयरीक तेव्हापासूनची.

समुद्रातला मोठा मासा मात्र माशीच्या मागे लागत नाही. तो खातो पेडवे, तारली, मोतके, कोळंबी. म्हणून खाऱ्या पाण्यातली फ्लाय माशीसारखी नसते, लहान माशासारखी असते. नाव तेवढं जुनंच राहिलं.

हे आमिष वजनाला जवळजवळ काहीच नसतं. दगड फेकता येतो, पीस फेकता येत नाही. म्हणून या मासेमारीत दोरीच जाड आणि जड असते. लवचीक काठीनं ती दोरी हवेत झुलवायची आणि दोरी आपल्यासोबत फ्लायला घेऊन जाते. म्हणूनच फ्लाय पाणी पिऊन जड होता कामा नये. पीस पाण्यात हलतं, जिवंत दिसतं, आणि हवेत झटकलं की पाणी सोडून देतं. कापडाची चिंधी गळाला बांधली तर ती पाणी पिऊन लोंबकळते. पिसं वापरण्यामागे असं कारण आहे.

आम्ही जी फ्लाय शिकवणार आहोत, तिची मूळ तऱ्हा अमेरिकेतली. लेफ्टी क्रे नावाच्या नामांकित गळकऱ्यानं ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या माशांसाठी तयार केली. तिचं नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसवणारी. पुढे ती जगभरच्या किनाऱ्यांवर पोचली. 1991 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिचं चित्र तिकिटावर छापलं. आमच्या गटात तिला आम्ही ‘पिसांचा पेडवा’ म्हणतो. ती दिसते तशीच.

आमच्याकडे ती कशी आली?

आमच्या गावच्या खाडीत एक होडीवाला भाऊ पर्यटकांना फिरवतो. त्यातले काही पाहुणे जिताडा, तांबोशी मिळावी म्हणून काठी घेऊन येतात. खडकात अडकली, कांदळवनाच्या मुळात गुंतली की त्यांची फ्लाय गेली. नवी आणायची तर मोठ्या शहरातून. एक दिवस त्यानं तुटकी फ्लाय आमच्या बैठकीत आणून टाकली आणि म्हणाला, “वहिनींनो, हे असं तुमच्या हातून होईल का बघा.”

आम्ही काय केलं? ती उसवली. ब्लाउज शिकताना जुना ब्लाउज उसवतो ना, तसंच. एक-एक वेढा सोडत गेलो आणि काय कशावर बांधलंय ते वहीत लिहून ठेवलं. मग स्वतः बांधायला बसलो. पाच डझन बांधून दिल्या. दिसायला सुरेख होत्या. पंधरा दिवसांत दोन डझन परत आल्या. कुणाची पिसं दांड्याभोवती फिरून गळाच्या पोटाखाली आली होती, कुणाची सगळी शेपटीच निसटली होती. एका पाहुण्याच्या गळाला मोठा मासा लागला होता. तो सुटला तेव्हा हातात उरला नुसता उघडा गळ.

त्या दिवशीची बैठक वाईट झाली. परत आलेल्यांपैकी बऱ्याच एकाच मैत्रिणीच्या हातच्या होत्या. तिचे पैसे कापावेत, असं आमच्यातल्याच काहीजणी बोलल्या. ती काही न बोलता उठून गेली. मग आम्ही उरलेल्या, न वापरलेल्या फ्लाय घेतल्या आणि प्रत्येकीनं आपापली ओढून पाहिली. सगळ्यांच्या निसटल्या. तिच्या आधी वापरल्या गेल्या, एवढाच तिचा दोष. फक्त एका मावशींच्या निसटल्या नाहीत. त्या साठीच्या पुढच्या. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून आम्ही त्यांना सुटी पिसं निवडायला बसवलं होतं आणि त्यांनी हौसेनं चार बांधल्या होत्या. त्यांनी वेगळं काय केलं, ते पहिल्या पायरीत सांगतो.

सामान

कागद-पेन्सिल जवळ घ्या.

गळ: समुद्रासाठी टिनचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचाच गळ घ्या. नदीतल्या मासेमारीचा तपकिरी गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. आकार 1/0 घ्या. दुकानात ‘एक शून्य’ म्हटलं की कळतं.

दोरा: बारीक पण चिवट पॉलिस्टर किंवा नायलॉनचा. सुती दोरा नको, तो भिजून कुजतो.

पिसं: पांढऱ्या कोंबड्याच्या पाठीवरची, शेपटीच्या अलीकडची लांब पिसं. मानेवरचीही चालतात. कापलेल्या निरोगी कोंबड्याचीच घ्या. आजारानं मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. पिसं कोमट पाण्यात शांपूनं धुवा, सावलीत सुकवा. ओलसर ठेवली तर बुरशी येते आणि उघडी ठेवली तर कसर लागते. म्हणून पूर्ण सुकल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहा.

केस: बकरीचे लांब केस, शेपटीचे किंवा पाठीचे. ते धुऊन, वाळवून उवांच्या फणीनं विंचरा. मुळाशी जी मऊ लव असते ती फणीत निघून आली पाहिजे. ती राहिली तर केस गुठळी होऊन बसतात.

जर: जुन्या साडीच्या काठातली चकचकीत प्लास्टिकची जर चालते. जुन्या चांगल्या साडीतली धातूची जर नको, ती खाऱ्या पाण्यात काळवंडते. आजीच्या साडीला हात लावू नका, तिचं मोल वेगळं.

याशिवाय बिनरंगाचं नेलपॉलिश, लाल आणि काळं नेलपॉलिश, लहान टोकदार कात्री, पक्कड, आणि गळ धरून ठेवायला लहान व्हाइस. व्हाइस नसेल तर दांडे आवळले की घट्ट बसणारी लॉकवाली पक्कड पाटाला पट्टीनं बांधा. आम्ही सुरुवात तशीच केली. दोऱ्याचं रीळ लोंबत राहावं म्हणून त्याला कपडे वाळवायचा चिमटा लावा. चिमट्याच्या वजनानं दोरा ताणलेला राहतो आणि तुमचे दोन्ही हात मोकळे होतात.

आता गळाचे भाग. जिथं दोरी ओवतात ते नेढं, सुईसारखंच. सरळ भाग तो दांडा. मग वळण, मग टोक, आणि टोकाजवळचा उलटा काटा. बांधायला घेण्याआधी हा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. याचे दोन फायदे. कच्चा गळ असेल तर तो आत्ताच मोडतो, मेहनत वाया जात नाही. आणि चुकून बोटात गेला तर सहज निघतो.

पहिली पायरी: दांड्याला दोरा

मावशींच्या फ्लाय का टिकल्या? आम्ही उघड्या लोखंडावर पिसं बांधत होतो. त्यांनी आधी नुसत्या दोऱ्यानं दांडा मढवला होता. विचारलं तर म्हणाल्या, “अगो, अबोलीचा वळेसर गुंफताना पहिलं फूल धरायच्या आधी दोऱ्याला पीळ देऊन आधार करतो ना? गुळगुळीतावर काय टिकणार?”

खरंच आहे. दांडा गोल आणि गुळगुळीत, पिसाची काडीही गोल आणि गुळगुळीत. गोलावर गोल ठेवून कितीही आवळा, ते फिरणारच. दोऱ्याचा थर मध्ये आला की पकड मिळते.

म्हणून नेढ्यामागे दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. तिथून मागे, वळण सुरू होतं तिथपर्यंत, वेढ्याला वेढा चिकटवत दोरा गुंडाळा. मधे लोखंड दिसता कामा नये. मग तसंच थोडं पुढे या आणि पुन्हा मागे जा. त्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा पातळ हात फिरवा. हे सगळं पुढं झाकलं जातं, कुणाला दिसत नाही. आम्हीही म्हणूनच ते गाळलं होतं.

दुसरी पायरी: शेपटी

चार पिसं निवडा, सारख्या लांबीची. पीस जरा वाकलेलं असतं. त्याला पाठ आणि पोट असतं. दोन पिसं डावीकडची, दोन उजवीकडची. नमस्काराचे हात जोडतो तशी पोटं आत, पाठी बाहेर ठेवून जोड्या जुळवा. पोटं बाहेर केली तर शेपटी पाण्यात बेडकाच्या पायांसारखी फाकते. तशी तऱ्हाही असते, पण पेडव्याची शेपटी मिटलेली हवी.

मुळाशी कापसासारखी लव असते, ती ओढून काढा. उरलेलं पीस दांड्याच्या दोन-अडीच पट लांब असावं. काडीचं बुड जिथं बांधायचं तिथं पकडीनं हलकं दाबून चपटं करा. चपटी काडी लोळत नाही.

आता पिसं दांड्याच्या मागच्या टोकावर, वळणाच्या अगदी अलीकडे ठेवा. आधी दोन वेढे सैल द्या, मग दोरा सरळ वर ओढा. पहिलाच वेढा जोरात आवळला तर पिसं दोऱ्याबरोबर पलीकडच्या बाजूला वाहून जातात. दोन सैल, मग घट्ट, हे पाठ करून ठेवा. पुढं प्रत्येक पायरीला ते लागेल. दहा-बारा घट्ट वेढे झाले की वरून पाहा. शेपटी दांड्याच्या रेषेत आहे का? नसेल तर आत्ताच सोडा. वाकडी शेपटी पाण्यात भिरभिरते आणि दोरीला पीळ पाडते.

तिसरी पायरी: चकाकी आणि अंग

जरीच्या सहा तारा घ्या. तीन तारांचा मध्य दोऱ्याभोवती दुमडून एका बाजूला बांधा, तीन तशाच दुसऱ्या बाजूला. दुमडून बांधलेली तार ओढली तरी निघत नाही. नुसती टेकवून बांधलेली निघते. लांबी पिसांएवढी किंवा जरा कमी. जास्त जर घालण्याचा मोह होतो, आम्हालाही झाला. पण पेडवा लग्नाला निघालेला नसतो. त्याच्या अंगावर उजेड एकदाच लकाकतो आणि जातो, तेवढंच पुरे.

मग उरलेल्या दांड्यावर जरीचीच एक तार गुंडाळत पुढे या. हे झालं अंग. गुंडाळलं नाही तरी चालतं.

चौथी पायरी: केसांची झालर

ही पायरी घाईत करू नका. परत आलेल्या फ्लायमधला दुसरा दोष इथं होता.

काठी झुलवताना फ्लाय हवेत उलटसुलट फिरते. तेव्हा मोकळी शेपटी गळाच्या वळणाभोवती गुंडाळते आणि तिथंच अडकते. अशी फ्लाय पाण्यात पडली तर मासा तिच्याकडे बघत नाही. माणूस मात्र तासभर ती ओढत बसतो, कारण त्याला लांबून काही दिसत नाही. डिसीव्हरची खरी करामत आहे ती यावर. पुढून बांधलेले केस मागे इतके लांब असतात की ते गळाच्या वळणापलीकडे जातात आणि पिसांच्या मुळांना चहूबाजूंनी आधार देतात. म्हणून शेपटी अडकत नाही. आम्ही केस आखूड बांधले होते, दिसायला नीटनेटके म्हणून.

नेढ्याच्या अलीकडे, मोकळ्या सोडलेल्या जागेच्या मागे, आगकाडीच्या जाडीएवढी बट डाव्या बाजूला बांधा. टोकं वळणाच्या पलीकडे गेली पाहिजेत. दोन वेढे सैल, मग घट्ट. तेवढीच बट उजव्या बाजूला. मग वर थोडे गडद केस, काळे किंवा तपकिरी. मासा वरून काळपट आणि खालून पांढरा असतो, म्हणून. खाली, गळ्याशी, लाल लोकरीचे चार तंतू बांधा. ते कल्ल्यांसारखे दिसतात.

केसांची टोकं कात्रीनं सरळ कापू नका. मुळातली निमुळती टोकंच पाण्यात हलतात. कापायची ती पुढची बुडं, तीही तिरकी, म्हणजे डोकं निमुळतं होतं.

पाचवी पायरी: डोकं आणि शेवटची गाठ

कापलेली बुडं दोऱ्यानं झाकून लहान डोकं तयार करा. आता गाठ. साधी गाठ मारली तर ती सुटते. आपण नाडी ओवतो तशी युक्ती करायची आहे.

वेगळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा घ्या, दुमडून फास करा. फास नेढ्याकडे आणि दोन्ही टोकं शेपटीकडे, असा तो डोक्यावर आडवा ठेवा. बांधायच्या दोऱ्यानं त्यावरून सात घट्ट वेढे द्या, शेपटीकडून नेढ्याकडे जात. वेढे अंगठ्यानं दाबून धरा. दोरा बोटभर ठेवून कापा आणि त्याचं टोक फासातून ओवा. आता फासाची दोन टोकं शेपटीकडे ओढा. फास वेढ्यांखालून निघून येतो आणि येताना आपल्या दोऱ्याचं टोक आत ओढून घेतो. टोक घट्ट ओढून कापा. गाठ कुठं दिसत नाही आणि सुटतही नाही.

डोक्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावा. नेढ्यात ते गेलं तर सुईनं लगेच मोकळं करा. वाळल्यावर दोन्ही बाजूंना लाल ठिपका, त्यात काळा ठिपका, हे डोळे. पुन्हा बिनरंगाचा हात. दारं-खिडक्या उघडी ठेवून हे काम करा, वास डोक्यात जातो.

पहिली फ्लाय बांधायला आम्हाला पाऊण तास लागला होता. आता अर्ध्या तासात होते. पहिल्या दहा विकायच्या नाहीत, हा आमचा नियम आहे. त्या उसवून बघायच्या.

तीन परीक्षा

आता आमच्याकडून कुठलीही फ्लाय तीन परीक्षांशिवाय जात नाही.

पहिली ओढ. गळ पकडीत धरून शेपटी ओल्या बोटांनी ओढायची. हलली तर नापास. दुसरी पीळ. डोकं दोन बोटांत धरून फिरवायचं. दांड्यावर फिरलं तर नापास. तिसरी पाणी. प्रत्येक खेपेतल्या दोन फ्लाय खाडीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायच्या. सकाळी रंग उतरला का, जर काळी पडली का, गळाला तांबूस डाग आला का, ते बघायचं. पिसं हळदीत रंगवायचा प्रयोग आम्ही केला होता. पाण्याचं सोडाच, चार दिवसांच्या उन्हातच रंग उडाला. तेव्हापासून पांढरीच वापरतो.

प्रत्येकीची डबी वेगळी आणि तिच्यावर तिची खूण असते. पैसे कापण्यासाठी नाही. कुणाचं कुठं चुकतंय ते कळावं आणि बसून दुरुस्त करता यावं म्हणून. त्या उठून गेलेल्या मैत्रिणीच्या घरी आम्ही सगळ्या मिळून गेलो, चूक कबूल केली. आज परीक्षा घ्यायचं काम तीच करते. तिच्या हातून कच्चा माल सुटत नाही.

गळ मोजून घ्या, मोजून ठेवा

घरात लहान मुलं असतात, अनवाणी पाय असतात. बसताना गळ मोजून घ्यायचे, उठताना मोजून डबीत ठेवायचे. खाली पांढरी चादर अंथरायची. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक जवळ ठेवा. पण स्टेनलेसचे काही गळ चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून मोजण्याला पर्याय नाही. चिंध्या आणि केस झाडून टाकायच्या आधी हिशेब जुळलाच पाहिजे.

गळ बोटात खोल गेला तर उलटा ओढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. डोळ्याजवळ लागला तर घरी काहीच करायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

कुठली पिसं घ्यायची नाहीत

हे नीट ऐका. परदेशातल्या जुन्या, नक्षीदार फ्लायमध्ये आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं फार मानाची असत. त्यांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असतात. त्यापायी पूर्वी कितीतरी पक्षी मारले गेले. आज रानकोंबडा, मोर, मुंगूस, सांबर, हरीण हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. डिसीव्हरच्या पाठीवर पुष्कळदा मोरपिसाचे तंतू लावतात, आम्ही लावत नाही. मोरपीस देशाबाहेर पाठवायला बंदी आहे आणि आपली फ्लाय पाहुण्याच्या पेटीतून कुठं जाईल सांगता येत नाही. मुंगसाचे केस कुणी आणून दिले, कितीही चांगले असले तरी, नाही म्हणा. गावठी कोंबडा आणि घरची बकरी एवढ्यात सगळं भागतं.

हिशेब

पैशांचं स्पष्ट बोलू. समजा, एका फ्लायचं सामान 25 रुपयांचं झालं. तुमच्या गावात आठ तासांची मजुरी 400 रुपये धरली तर अर्ध्या तासाचे 25 रुपये. झाले 50. दहातली एक वाया जाते, तिचे सुमारे 6 रुपये उरलेल्या प्रत्येकीवर टाका. म्हणजे 56 रुपयांखाली विकली तर तुम्ही तुमच्या खिशातून पाहुण्याला भेट देताय. पिसं घरची म्हणून फुकट धरू नका आणि आपला वेळही फुकट धरू नका. वरचे आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या बाजारातले घालून तुम्ही मांडा.

आणि हेही सांगतो, हा मोठा बाजार नाही. कोळंबी सोलायचं, पापड-कोकमाचं काम सोडून याच्यामागे लागू नका. पर्यटक जिथं काठी घेऊन येतात तिथंच याला गिऱ्हाईक आहे आणि ते हंगामापुरतं. आधी चार नमुने बांधा, होडीवाल्याला वापरायला द्या, त्याचं ऐका, मगच सामान आणा. पावसात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा बांधून ठेवायला वेळ मिळतो. फक्त दमट हवेत पिसांचा डबा जपा.

हे काम बायकांचंच

एखादी म्हणेल, मासेमारीचं सामान, ते पुरुषांचं काम. तसं नाही. अमेरिकेत व्हर्माँटमध्ये मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी फ्लाय बांधणाऱ्या स्त्रियांचा विभाग सांभाळला आणि 1892 साली फ्लायच्या तऱ्हांवर जाडजूड ग्रंथ छापला. स्कॉटलंडमध्ये ब्रोरा गावाजवळ मेगन बॉइड नावाची बाई राहत असे. लहानशा घरात, खिडकीच्या उजेडात बसून तिनं आयुष्यभर सॅमन माशांच्या फ्लाय बांधल्या. राजपुत्र चार्ल्स तिचे गिऱ्हाईक होते. 1971 साली तिला ब्रिटिश एम्पायर पदक मिळालं. स्वतः मासे मारायची तिला आवड नव्हती. उतारवयात तिची नजर अधू झाली, तोवर तिचे हात थांबले नाहीत. आज केनियात, श्रीलंकेत, थायलंडमध्ये विकायच्या फ्लाय बांधल्या जातात, त्यातही कितीतरी हात बायकांचे आहेत.

तिच्याबद्दल वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या मावशीच आठवल्या. त्यांना आता नेढं दिसत नाही. तरी नव्या मुली शिकायला आल्या की पहिला दोरा त्याच गुंडाळून दाखवतात, डोळे मिटून, बोटांनी चाचपत. आणि मुलींनी बांधलेली फ्लाय हातात आली की पिसं, जर, डोळे यांच्याकडे त्या पाहतच नाहीत. नखानं दांडा खरवडतात. खाली दोरा लागला तर मान हलवतात.

मैत्रिणींनो, पुढच्या आठवड्यात एक फ्लाय बांधून बघा. चांगली झाली तर होडीवाल्याला दाखवा. बिघडली तर उसवा आणि कुठं चुकलं ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा. आमच्याकडेही बिघडलेल्यांचा एक डबा आहे, तो घेऊन बसू. नमस्कार.